अकरा वळूंच्या सावल्या

शिसपेन्सिल. टोक सुईसारखं, रोज सकाळी काचकागदावर घासलेलं.

*

एका नवरीच्या दोन्ही गालांवर देवीचे वण होते. फोटोत नाहीत.

*

दवंडी : लाळ्या रोग हटेपर्यंत कोणी जनावरं एका जागी जमवायची नाहीत. बाजार बंद. यात्रा बंद. प्रदर्शन बंद.

*

लोखंडी चिमटा, हातभर लांब. ढोरडॉक्टरच्या टांग्यात बैठकीखाली ठेवलेला असतो. रक्त येत नाही, कातडीवर ओरखडाही उठत नाही. आतली शीर तेवढी चिरडते.

*

कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरपी करून बघणारा एक म्हातारा, यात्रेत एकदा लांबून पाहिलेला.

*

लोणखेड्यात एक भिंत. आदल्या संध्याकाळीच चुना दिलेली.

*

नाव तापीच्या मधोमध आली तेव्हा हे सगळं इंदरमलच्या डोक्यात एकदमच होतं. मांडीवर लाकडी पेटी होती, पेटीत अकरा फोटो. समोरच्या काठावर प्रकाशा गावाची देवळं उन्हात उभी होती. नावाडी म्हणाला, "शेट, पेटीमा काय शे?"

"बैल," इंदरमल म्हणाला.

नावाड्याने पेटीकडे पाहिलं, मग इंदरमलकडे, आणि पुन्हा वल्हं मारायला लागला.

इंदरमल नंदुरबारच्या हुकमीचंद कापडवाल्याचा मुलगा. तिशी उलटल्यावर त्याने कापड मोजायचा गज खाली ठेवला आणि मिरचीबाजाराच्या गल्लीत फोटोचं दुकान काढलं. बापाने त्यानंतर त्याच्याशी सरळ बोलणं सोडलं. काय सांगायचं ते आईकडून सांगायचा. पण दुकान चाललं. चाललं ते लग्नाच्या मुलींवर. मुलीचा फोटो मुलाकडे जायचा, तिथून होकार-नकार यायचा, आणि इंदरमलच्या हातच्या फोटोला नकार आला असं सहसा होत नसे. त्याचं गुपित कॅमेऱ्यात नव्हतं, पेन्सिलीत होतं. काचेच्या प्लेटवर चेहरा उलटा उमटतो, काळं तिथे पांढरं नि पांढरं तिथे काळं. गालावरच्या वणाचा खड्डा प्लेटवर फिका दिसतो. तो पेन्सिलीने हळूहळू भरला की कागदावर गाल नितळ येतो. जिथे उलट करायचं असेल तिथे बारीक चाकूने खरवडायचं. आठ वर्षांत त्याने किती गाल भरले याची मोजदाद त्याने ठेवली नव्हती. त्यात त्याला कधी पाप वाटलं नाही. मुलीचं घर बसतं, मग एवढ्या शिशाचं काय!

सन अडतीसच्या माघात त्याला सरकारी काम मिळालं. शहाद्याच्या आसपासच्या बारा गावांसाठी एक वळू निवडायचा होता. निवडलेला वळू गाईंसाठी राहणार. निवडीला आलेले बाकीचे सगळे चिमट्याखाली जाणार, म्हणजे खच्ची होणार. तसा नवा नियमच होता, एका भागात एकच चांगलं बीज असावं म्हणून. दर वर्षी हे शहाद्याच्या प्रदर्शनात व्हायचं. या वर्षी लाळ्या आला. मग ढोरडॉक्टर साहेबाने डोकं लढवलं : जनावरं येऊ शकत नाहीत, तर त्यांचे फोटो येऊ देत. फोटोंचा एक संच साहेबाकडे, दुसरा प्रकाशाच्या सुपडू पाटलाकडे. पाटील ज्याच्या फोटोच्या पाठीवर अंगठ्याची निशाणी करतील तो वळू.

कारण जनावराच्या बाबतीत सुपडू पाटलाचा शब्द तापीच्या दोन्ही काठांवर चालायचा. सारंगखेड्याच्या यात्रेत सौदा अडला की लोक म्हणत, "सुपडू आप्पाले दखाडा." आता खुबा मोडून आप्पा बाजेवर होते, पण डोळ्याला काय धाड भरली होती?

*

प्लेट सातवी. लोणखेडा.

ही आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं हिच्यामुळे झालं.

गजराबाईने फोटोसाठी भिंतीला चुना दिला होता. इंदरमलची प्रत्येक गावात तीच अट होती : पांढरी भिंत, सकाळचं तिरपं ऊन, आणि जनावर भिंतीपासून चार हात पुढे. लग्नाच्या फोटोला मागे पडदा लागतो. बैलाला पडदा कुठून आणणार?

गजराबाईचा नवरा लोटन वारून सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. लोटनने नेमाडातून पायी चालत आणलेली एक गाय होती, तीही गेल्या पावसाळ्यात गेली. मागे उरला हा कापश्या. नुकताच दोन दाती झालेला, फुटल्या बोंडासारखा पांढरा. गळ्याखालची पोळी गुडघ्यांपर्यंत लोंबत होती आणि पोटाखालची कातडी चालताना हेलकावे खात होती, जणू थोरल्या भावाचा सदरा घातलाय.

"भाऊ, बरा काढजो," गजराबाई म्हणाली.

"मी ते बराच काढस, माय. त्याले सांग, हालू नको."

"त्यानी माय गई. बहीन नही, भाऊ नही. त्या गायनं एवढंच राहिनं." ती दावं धरून उभी होती आणि कापश्या तिचा हात चाटत होता. "चिमटा लागना ते बठ्ठं सरनं."

इंदरमलने काळ्या कापडात डोकं घातलं. काचेवर कापश्या उलटा लटकत होता, पाय आभाळात. गायीचा वंश राहावा, ही तिची मागणी साधी होती आणि ती इंदरमलला मनापासून लागली. म्हणून चार दिवसांनी नंदुरबारला प्लेट हातात आल्यावर त्याने पेन्सिलीला नवं टोक केलं. म्हातारीच्या गळ्यासारखी लोंबणारी ती पोळी घडीघडीने भरत भरत त्याने मागच्या पांढऱ्या भिंतीत मिसळून टाकली. पोटाखालची कातडीही गेली. बैल असा तुळतुळीत निघाला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

मग उरलेल्या दहांना तरी का सोडायचं? कोणाच्या फासळ्यांमधले काळे पट्टे भरले. कोणाच्या गुडघ्याची सूज काढली. रेवजीच्या करड्या वळूची पाठ मध्ये खचलेली होती. ती चाकूने खरवडून त्याने सरळ रेषेत आणली.

अकराच्या अकरा नवऱ्या.

*

"हाऊ कागद," सुपडू आप्पा म्हणाले. त्यांनी पहिल्या फोटोवरून तळवा फिरवला. "बैलवर हात फिरावा का माले आर्धं समजस. हाई काय समजी?"

"कागद शे, आप्पा. कागदच समजी," इंदरमल म्हणाला.

बाज निंबाखाली टाकलेली होती. मंगलामायने, म्हणजे आप्पांच्या बायकोने, चहा आणून ठेवला आणि तीही शेजारी पाटावर बसली. तिलाही बैल बघायचे होते.

आप्पांनी फोटो उलटा धरला. पाय वर, वशिंड खाली. इंदरमल चपापला. काळ्या कापडाखाली त्यालाही आधी सगळं असंच दिसायचं, पण हे त्याच्या धंद्याबाहेरच्या कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"सरळ दखा ना, आप्पा."

"सरळ देखं का बैल दिखस. उलटा देखं का हाडं दिखतस." मग त्यांनी अंगणातलं पळसाचं पान मागवलं आणि ते बैलाच्या तोंडावर ठेवलं. "तोंड गोड राहिनं का डोया फसतस. बाजारमा निम्मे लोक तोंड ईकत लेतस."

आणि मान तिरपी करून ते बघायला लागले.

*

प्लेट चौथी. आप्पा म्हणाले, "हाऊ मालकले मारस."

इंदरमलला हसू आलं. बैल तर दगडासारखा उभा होता. आप्पांनी नखाने दाखवलं : मालकाने दावं वेसणीपाशी आखूड धरलं होतं आणि त्याचा बैलाकडचा पाय बाहेर वळलेला होता, पळायच्या तयारीत. "आंगवर बंडी शे, तोंडवर हासू शे. पायले हासता येत नही."

मालक त्या दिवशी खरोखर लंगडत होता. पायरीवरून पडलो, असं म्हणाला होता.

*

प्लेट नववी. "हाई जनावर मांगीसन आनेल शे. कान देख."

एक कान पुढे, एक कान बाजूला, फोटोच्या चौकटीबाहेर. दावं धरणाऱ्याकडे बैलाचं लक्षच नव्हतं. तेव्हा इंदरमलला आठवलं. फोटो काढताना त्याच्या उजव्या हाताला दुसराच एक माणूस उभा होता आणि जिभेने टॉक टॉक करत होता. बैल त्याचा होता.

इंदरमलने चहाची बशी खाली ठेवली. त्यानेच काढलेला फोटो, त्यानेच दोन रात्री हातात धरलेली प्लेट. कानावर त्याने पेन्सिलसुद्धा फिरवली होती, कडा साफ करायला. कान मात्र त्याला दिसला नव्हता.

*

प्लेट दुसरी. खूर लांबट आणि फाकलेले. "चिखलमा वाढेल शे. आपला मुरूमवर दोन वरीसमा लंगडी."

तो बैल नदीकाठच्या पाणथळीतलाच होता. इंदरमलचे बूट तिथे रुतले होते.

असं एकेक चाललं. आप्पा बोलत कमी, बघत फार. इंदरमलला लहानपणीची एक गोष्ट आठवली : त्याचा बाप डोळे मिटून, कापडाच्या टोकाला नुसतं दोन बोटांत चोळून गिरणी सांगायचा. बापाचा राग यायचा, तरी त्या बोटांचा कधी आला नव्हता. तोच आदर आता त्याला या बाजेपाशी वाटत होता. एक माणूस कागदातून जनावर बाहेर काढत होता, त्याला चालवत होता, मुरूमावर नेऊन लंगडत आणत होता.

मग रेवजीचा करडा आला, आणि आप्पा सरळ झाले.

"मंगला, हाई पाठ देख."

मंगलामाय वाकली.

"चाळीस वरीस व्हयनात माले ढोरं देखता. आशी पाठ मी दोनदाच देखी. पानीना लोटा ठेवा ते सांडाव नही." त्यांनी फोटो उलटा केला, सुलटा केला, पळसाचं पान हलवून पाहिलं. "हाई पाठ बारा गावमा गई पाहिजे."

ती पाठ इंदरमलने चाकूने एका दुपारी केली होती. डाव्या हातात भिंग, तोंडात लवंग.

"आते हाऊ," आप्पा म्हणाले. सातवी प्लेट. पान ठेवलं, मान तिरपी केली, आणि लगेच फोटो नकाराच्या ढिगावर टाकला. "ढोलवर ताणेल कातडी. जेवढा व्हना तेवढाच. हाऊ वाढाव नही."

इतकंच. गजराबाईची गाय, तिची भिंत, तिचं बरा काढजो, सगळं एका वाक्यात ढिगावर पडलं. आणि ते आप्पांनी टाकलं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. आप्पांनी करड्याचा फोटो पालथा करून अंगठा पुढे केलेलाच होता. कोणाला कळणार होतं? रेवजीने तर त्याला गूळ दिला असता. कळलं असतं ते तीन-चार वर्षांनी, बारा गावांतल्या वासरांच्या पाठी खचलेल्या निघाल्या असत्या तेव्हा. आणि तेव्हाही लोक म्हणाले असते, सुपडू आप्पा म्हातारा झाला, डोळा गेला.

हेच इंदरमलला पेलेना.

"आप्पा," तो म्हणाला, "ती पाठ मन्ही शे."

*

"तुन्ही पाठ बैलले कशी लागनी?"

इंदरमलने सांगितलं. प्लेट, पेन्सिल, चाकू. नवरीचे गाल. सांगताना तो फोटोंकडे बघत होता, आप्पांकडे नाही.

मंगलामायला हसू आवरेना. तिने पदर तोंडात धरला. "बाई वं, बैलले बी पावडर."

"कितलासले लाई?" आप्पांनी विचारलं.

"अकराले बी."

"कसाले पन?"

"सवय, आप्पा. फोटो आपला हातना चांगला दिखाले पाहिजे."

"नवरीले लेकरं व्हतस, ती फोटोमाईन व्हतस का?"

आप्पांनी अकराही फोटो गोळा करून बाजेवर पालथे ठेवले आणि निंबाकडे बघत राहिले. फोटो परत काढायचे म्हणजे नव्या प्लेटी सुरतेहून यायच्या, आठ दिवस. साहेब परवा शहाद्याला निकाल लावणार होता, आणि त्याच्या टांग्यात बैठकीखाली चिमटा होता. प्रकाशाहून निकाल नाही आला तर साहेब त्याच्याकडच्या संचावरून स्वतःच निवडणार, म्हणजे करडाच.

निंबाची सावली पाटावरून सरकून बाजेच्या पायाशी आली. मंगलामायने पाट सावलीबाहेरून आत ओढला.

आप्पा तिच्याकडे बघत होते. पाटाकडे. मग जमिनीकडे.

"शेट," ते म्हणाले, "सावलीले बी पेन्सिल लाई का?"

"नही. सावलीकडे कोन देखस, आप्पा?"

"मी."

त्यांनी फोटो सुलटे केले. तिरपं ऊन, पांढरी भिंत, जनावर चार हात पुढे. प्रत्येक फोटोत बैलाच्या बाजूला भिंतीवर दुसरा एक बैल उभा होता, काळा, सपाट, शिंगांपासून खुरांपर्यंत अख्खा. इंदरमलने सगळ्या नवऱ्यांच्या सावल्या पडद्याआड घालवल्या होत्या. बैलांच्या तशाच राहिल्या होत्या, कारण बैलाच्या सावलीत शोभा कसली बिघडायची?

"आते बैलवर हात ठेव. झाक त्याले. माले भिताडवरला दखाड."

इंदरमल तळव्याने एकेक बैल झाकत गेला आणि आप्पा त्याच्या शेजारचा काळा बैल बघत गेले. आता ते आधीपेक्षा भरभर बघत होते. जणू रंग, केस, चमक, मालक, सगळं मधून निघून गेल्यामुळे त्यांना मोकळं वाटत होतं. ज्या गुडघ्यांची सूज काढली होती ते भिंतीवर सुजलेलेच होते. करडा आला. भिंतीवरच्या करड्याची पाठ मध्ये अशी खचली होती की तिथे झोळी बांधून पोर निजवावं.

"लोटा?" मंगलामाय म्हणाली.

"सांडना," आप्पा म्हणाले.

सातवी प्लेट. इंदरमलने कापश्यावर हात ठेवला.

भिंतीवर गळ्याखाली पडदा लोंबत होता. त्याच्या कडेची घडी घडी मोजता येत होती. पोटाखाली सैल झोळ, आणि त्यावर सपाट, लांब, कुठेही न खचलेली पाठ. त्या पाठीला इंदरमलने हातच लावला नव्हता, गरजच नव्हती.

आप्पांनी सावलीतल्या गळ्यावरून नख फिरवलं.

"हाई तू पुशी टाकं व्हतं?"

"हा."

"येडा," आप्पा म्हणाले, पण आवाज मऊ होता. "सैल कातडी म्हनजे मधमा जागा शे. घर बांधनारा पहिले जागा धरस, मंग भिंती. आखो दोन वरीस हाऊ नुसता भरत जाई. तू त्यानी जागाच बुजी टाकी."

त्यांनी फोटो पालथा केला आणि अंगठा पुढे केला. शाई मंगलामायला सापडेना. इंदरमलने खिशातली पेन्सिल काढली आणि शिसं आप्पांच्या अंगठ्यावर घासलं, चांगलं काळं होईपर्यंत.

*

त्या रात्री नंदुरबारला परतून त्याने सातवी प्लेट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. चाकूचं काम परत येत नाही, पेन्सिलीचं येतं. कापश्याची पोळी घडीघडीने परत आली.

शहाद्याच्या कचेरीत साहेबाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. साहेब पुण्याकडचा, तरुण, चष्मेवाला.

"हा एकच बैल आहे?"

"हो, साहेब."

"मग हे दोन का?"

"पहिला मी केलेला आहे. दुसरा बैलाचा आहे."

बाकीच्या दहांचंही त्याने सांगून टाकलं. साहेबाने ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला की यापुढे खात्याचं काम तुम्हाला मिळणार नाही. इंदरमल म्हणाला, बरोबर आहे.

दुसऱ्या सकाळी साहेब स्वतः लोणखेड्याला गेला. इंदरमलही मागे टांग्यात होता, चिमट्याच्या वर बसलेला. गजराबाई दारात उभी होती. तिने टांगा ओळखला आणि पुढे होऊन कापश्याचं दावं दोन्ही हातांनी धरलं. साहेब बैलापाशी गेला, फोटो हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मग फोटो खिशात घातला आणि गळ्याखाली हात घालून ती सगळी कातडी तळव्यावर तोलली. कापश्याने त्याची बाही चाटली.

"हा राहील," साहेब म्हणाला.

गजराबाईने दावं सोडलं नाही. तिला वाटलं, अजून काहीतरी व्हायचं आहे. इंदरमलने तिला तिच्या बोलीत सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरावर चुना लागला.

करड्याला चिमटा लागला. पुढे बारा वर्षं त्याने रेवजीच्या शेतात नांगर ओढला आणि कधी बसला नाही. खचलेल्या पाठीचं जनावर जुवाला वाईट असतंच असं नाही. इतरांबद्दल इंदरमलने विचारलं नाही.

नवऱ्यांचे गाल तो पुढेही भरत राहिला, ते त्याचं पोट होतं. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो एखादा जुना फोटो काढायचा, उलटा धरायचा, चेहऱ्यावर हात ठेवायचा आणि मान तिरपी करून बघायचा. कोंबडीसारखी. डावीकडे, उजवीकडे. त्याला कधीच काही दिसलं नाही. फोटो दिसला. मग तो हसून फोटो जागेवर ठेवायचा आणि कोणी विचारलंच तर सांगायचा, प्रकाशाला एक माणूस आहे, त्याला दिसतं.

सुपडू पाटलांच्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून दिसत नव्हतं, मान तिरपी व्हायची ती त्यामुळे, आणि हे मंगलामायशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.